लहान मुलांना ‘तू-गोष्ट’ कशी समजावायची? (द्वितीय पुरुषी निवेदन)

पाटीपेन्सिल

गोष्ट तीन तऱ्हांनी सांगता येते. मी सांगणार माझी, मी सांगणार सईची, किंवा मी सांगणार तुझी, तुलाच. पहिल्या दोन तऱ्हा मुलांच्या कानावर रोज पडतात. तिसरी पुस्तकात फारशी भेटत नाही. त्यामुळे ती समजावायची वेळ आली की मोठी माणसं थेट व्याख्येला हात घालतात, ‘ज्या निवेदनात वाचकालाच पात्र मानून...’ वगैरे. सहा वर्षांच्या मुलाला यातलं अक्षरही कळत नाही. म्हणून हा धागा. व्याख्या बाजूला ठेवून प्रत्यक्ष कोणती वाक्यं वापरायची, कोणत्या वयाला काय झेपतं, कुठे आणि का फसतं, हे इथे जमा करूया.

सुरुवातीला ही एक पद्धत. वय ६ ते ८, वेळ पंधरा मिनिटांच्या आत. साहित्य म्हणजे एक कागदाची होडी, एक बाहुली आणि जमिनीवर तीन जागा (पाट, चटई, काहीही). बाहुलीचं नाव सई.

एकच प्रसंग तीनदा सांगायचा. चार वाक्यं पुरेत, पाचव्या वाक्याला मूल तुलना विसरतं.

मी-गोष्ट: मी ओहोळात होडी सोडली. ती दगडाला अडकली. मी तिला काठीने ढकललं. माझी होडी पुलाखाली दिसेनाशी झाली.

सई-गोष्ट: सईने ओहोळात होडी सोडली. ती दगडाला अडकली. सईने तिला काठीने ढकललं. तिची होडी पुलाखाली दिसेनाशी झाली.

तू-गोष्ट: तू ओहोळात होडी सोडलीस. ती दगडाला अडकली. तू तिला काठीने ढकललंस. तुझी होडी पुलाखाली दिसेनाशी झाली.

प्रत्येक वेळी होडी ज्याची, त्याच्या जागेवर ठेवायची: आधी सांगणाऱ्यापुढे, मग बाहुलीपुढे, मग मुलापुढे. आणि प्रत्येक गोष्टीनंतर तेच दोन प्रश्न विचारायचे. गोष्ट कोण सांगतंय? होडी कुणी सोडली? पहिल्या गोष्टीत दोन्हींचं उत्तर एकच येतं, सांगणारा. दुसरीत उत्तरं वेगळी होतात. तिसरीत दुसऱ्या प्रश्नाला मूल स्वतःकडे बोट दाखवतं. तेवढं झालं की काम झालं. ‘द्वितीय पुरुष’ हा शब्द या वयात काढूच नये, पुरुष म्हणजे बाबा, काका, आजोबा एवढंच त्यांना माहीत असतं. मी-गोष्ट, सई-गोष्ट, तू-गोष्ट ही नावं पुरतात आणि पुढे व्याकरणाच्या तासाला त्यांच्यावर खरी नावं चढवणं सोपं जातं.

रानपाखरू

छान सुरुवात. पण तिसऱ्या गोष्टीला पाच वर्षांची मुलं हमखास एक उत्तर देतात: “मी नाही सोडली!” आणि त्यांचं बरोबरच असतं, त्यांनी सोडलेली नसतेच. इथे काय करावं?

अबोली

रानपाखरू, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मूल ‘मी नाही’ म्हणतं तेव्हा त्याला तू-गोष्ट कळलेली नसते असं नाही. ‘तू’ म्हणजे आपण, हे त्याला अगदी पक्कं कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते हे, की हे खोटं-खोटं चाललंय.

यावरचा उपाय मुलांच्याच खेळात आहे. भातुकली खेळणाऱ्या मुलांचं बोलणं लक्ष देऊन ऐका. “मी आई झाले हं. तू बाजारात गेलास हं. मग तू भाजी आणलीस आणि बाळ रडायला लागलं.” ही शुद्ध तू-गोष्ट आहे! भूतकाळात, सलग, समोरच्यालाच पात्र करून सांगितलेली. चौथ्या-पाचव्या वर्षी मुलं हे आपसांत बिनदिक्कत करतात, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. म्हणजे आपण त्यांना नवीन काही देत नाही आहोत. खेळात ते जे करतात, तेच पुस्तकातही करता येतं, एवढंच दाखवायचं आहे.

त्यातला तो ‘हं’ फार कामाचा आहे. तो खोट्या-खोट्याची खूण आहे. म्हणून पहिली तू-गोष्ट ‘हं’ लावून सांगा: “तू ओहोळात होडी सोडलीस हं. ती दगडाला अडकली हं.” कुणी ‘मी नाही सोडली’ म्हणत नाही. दुसऱ्या खेपेला ‘हं’ फक्त पहिल्या वाक्याला ठेवा, तिसऱ्या खेपेला काढून टाका. पुस्तकात ‘हं’ छापलेला नसतो, पण तो मनात धरायचा असतो, हे मुलाला असंच्या असं सांगितलं तरी कळतं.

आणि एक पथ्य. पहिल्या तू-गोष्टीत खोडी नको. डब्यातला लाडू पळवला, फुलदाणी फोडली असला प्रसंग ‘तू’मध्ये घातला की तो आरोप होतो. मूल लगेच स्वतःची बाजू मांडू लागतं आणि गोष्ट तिथेच थांबते. होडी बरी आहे, तिच्यात कुणाचा दोष नाही.

पाटीपेन्सिल

अबोलीताई, भातुकलीचा मुद्दा फार मोलाचा. मग क्रम उलटा करणं चांगलं: आधी पाच मिनिटं भातुकली, तिच्यातलं मुलाचंच एक वाक्य कागदावर उतरवायचं, आणि ते वाचून दाखवून मग होडी काढायची. स्वतःचं बोललेलं वाक्य कागदावर दिसलं की ‘गोष्ट अशीही लिहितात’ हे वेगळं पटवावं लागत नाही.

कृष्णाकाठ

एक शंका. “दोन वाट्या पीठ घ्या, चिमूटभर मीठ घाला” हीसुद्धा तू-गोष्टच झाली ना? किंवा चौकातल्या पाटीवर ‘हळू चालवा’ असतं ते?

अबोली

नाही, तिथे गोष्टच नाही. ती सूचना आहे. पीठ अजून कुणी घेतलेलं नाही, कदाचित कुणी घेणारही नाही.

मुलांबरोबर हा घोटाळा सारखा होतो, म्हणून तू-गोष्टीसारख्या दिसणाऱ्या पण नसलेल्या गोष्टी बाजूला काढून ठेवाव्यात. गोष्टीतला संवाद हा पहिला. ‘“तू कुठे होतीस?” आजीने विचारलं’ यात ‘तू’ आहे, पण तो अवतरणचिन्हांच्या आत आहे. संवाद झाकून उरलेली गोष्ट वाचायची. बाहेर ‘आजीने विचारलं’ एवढंच उरतं, म्हणजे ही सई-गोष्ट. सहा वर्षांच्या मुलाला बोटाने अवतरणं झाकायला आवडतं, करून बघा.

दुसरं पत्र. ‘प्रिय आजी, तुझी फार आठवण येते. काल आम्ही किल्ला केला.’ इथे आजीशी बोलणं आहे, पण किल्ला केला तो ‘आम्ही’. म्हणून ही मी-गोष्ट, फक्त आजीला सांगितलेली. ‘कुणाला सांगतोय’ आणि ‘कुणाची सांगतोय’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींचं उत्तर ‘तू’ आलं तरच तू-गोष्ट.

तिसरं, वाचकाला मारलेली हाक. ‘मुलांनो, तुम्हाला वाटेल की राजा आता घाबरला असेल.’ निवेदक आपल्याकडे क्षणभर वळून बोलला, पण गोष्ट राजाचीच आहे.

मोडी_लिपी

यात भर म्हणून ‘ये रे ये रे पावसा’ घ्या. सगळ्यांच्या तोंडी आहे. पहिल्या दोन ओळींत पावसाशी बोलणं आहे, पाऊस ‘तू’ आहे. पुढे मात्र ‘पाऊस आला मोठा’ होतं, म्हणजे तोच पाऊस ‘तो’ झाला. ‘येगं येगं सरी’मध्येही तसंच, आधी सरीला हाक, मग सर धावून आल्याची बातमी. चार ओळींत पुरुष बदलतो आणि मुलांना ते पाठ असतं. ‘पाऊस कुठे तू आहे आणि कुठे तो आहे?’ असं विचारून टाळी वाजवायला सांगितलं की दोन मिनिटांत कान तयार होतो. ही तू-गोष्ट नव्हे, पण तिची पूर्वतयारी चांगली होते.

आता माझा मुख्य मुद्दा. पाटीपेन्सिल यांच्या होडीच्या उदाहरणात एक खुबी आहे जी सहज लक्षात येत नाही: ती चार वाक्यं मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही जशीच्या तशी चालतात. मराठीत तू-गोष्ट लिहिताना हीच सगळ्यात मोठी अडचण असते. ‘तू जातोस’ लिहिलं की ऐकणाऱ्या मुलीला वाटतं ही आपली गोष्ट नाही. ‘तू जातेस’ लिहिलं की मुलगा म्हणतो, “मी काय मुलगी आहे?” मी-गोष्टीत आणि सई-गोष्टीत लिंग पात्राचं असतं, त्याचा ऐकणाऱ्याला त्रास नाही. तू-गोष्टीत पात्र म्हणजे ऐकणारा, त्यामुळे क्रियापद त्याच्या अंगावर बसायलाच हवं.

घरात एकाच मुलासाठी सांगत असाल तर प्रश्नच नाही, त्याच्या लिंगाप्रमाणे बोला. वर्गासाठी, भावंडांसाठी किंवा छापण्यासाठी लिहायची असेल तर ही रूपं ध्यानात ठेवा.

जिथे कर्म आहे तिथे भूतकाळ वापरा. तू होडी सोडलीस, तू पतंग उडवलास, तू दार उघडलंस. क्रियापद होडीप्रमाणे, पतंगाप्रमाणे, दाराप्रमाणे चालतं, करणारा कोण याची त्याला फिकीर नसते. कर्माला ‘ला’ लागला तर सरळ ‘तू मांजराला पाहिलंस’. मात्र काही क्रियापदं कर्म घेऊनही कर्त्याप्रमाणेच चालतात: विसरणे, शिकणे, बोलणे, म्हणणे. ‘तू डबा विसरलास/विसरलीस’. इथे वाक्य फिरवा: ‘तुझा डबा घरीच राहिला’.

जिथे कर्म नाही तिथे भूतकाळ टाळा. गेलास-गेलीस, धावलास-धावलीस, घाबरलास-घाबरलीस, सगळीकडे भेद आहे. त्याऐवजी ‘तुला भीती वाटली’, ‘तुझा पाय घसरला’, ‘तुला घंटा ऐकू आली’, ‘तुझ्यासमोर आता पूल आहे’. आणि मराठीत ही वळणं ओढूनताणून आणलेली वाटत नाहीत, आपण एरवीही असंच बोलतो.

भविष्यकाळ पूर्ण मोकळा आहे: तू जाशील, तू बघशील, तुला मिळेल. ‘तू जात आहेस’ हेही दोघांना चालतं. मोठ्याने वाचणारे आईबाबा त्याचं आपोआप ‘जातोयस’ किंवा ‘जातेयस’ करून घेतात, आणि तेच हवं आहे. ‘तू जात होतास/होतीस’ मात्र पुन्हा भेदाचं.

झुळूक

वा, हे जपून ठेवण्यासारखं आहे. मग सरळ ‘तुम्ही’ का वापरू नये? ‘तुम्ही जाता, तुम्ही गेलात’, सगळी कटकटच संपली.

मोडी_लिपी

व्याकरणापुरतं तुमचं बरोबर आहे. चाळीस मुलांच्या वर्गात ‘तुम्ही’ सोयीचं वाटतं. पण मुलांना ‘तुम्ही’ कुठे ऐकायला मिळतं? स्वाध्यायात: ‘तुम्ही पाहिलेल्या जत्रेचे वर्णन करा.’ शिवाय एका मुलाला कुणी तुम्ही म्हणत नाही, तुम्ही म्हटलं की सगळा वर्ग आला. चाळीसजणांनी मिळून एक होडी सोडली तर ती कुणाचीच होत नाही. तू-गोष्टीची सगळी ताकद ‘हे माझ्याबरोबर घडतंय’ यात आहे. म्हणून वर्गातसुद्धा ‘तू’ ठेवावा आणि वरची रूपं वापरावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अबोली

सहमत. ‘तुम्ही’पेक्षाही सावध राहायला हवं ते ‘आपण’पासून. तोंडी गोष्ट सांगताना मोठी माणसं नकळत तिकडे घसरतात: “तू दार उघडलंस. आत अंधार. मग आपण हळूच आत गेलो.” ‘आपण’ आला की सांगणाराही गोष्टीत शिरला आणि ती मी-गोष्टीची बहीण झाली. मुलाला धीर द्यायला हे छानच आहे, पण तू-गोष्ट समजावत असताना नको. पहिल्या वेळी चार वाक्यं लिहून समोर ठेवावीत आणि वाचूनच दाखवावीत, ती याचसाठी.

कृष्णाकाठ

माझी शंका फिटली. आता पुढची. मुलाला कळलंय की नाही हे तपासायचं कसं? ‘कळलं का?’ विचारलं की मान डोलावतातच.

पाटीपेन्सिल

सई-गोष्ट द्यायची आणि तिची तू-गोष्ट करायला सांगायची, तोंडीच. काय चुकतं ते ऐकलं की कुठे अडलंय ते कळतं.

सर्वनाम बदललं पण मालकी तशीच राहिली, ही सर्रास आढळणारी चूक. ‘सईने तिची होडी सोडली’चं ‘तू तिची होडी सोडलीस’ होतं. व्याकरणाने वाक्य शुद्ध आहे, पण आता गोष्टीत दोन माणसं झाली. ‘मग ही होडी कुणाची?’ एवढं विचारा, मूल स्वतःच ‘तुझी’ करतं. मूळ वाक्यात ‘आपली होडी’ असेल तर जास्त गोंधळ उडतो, म्हणून सुरुवातीच्या वाक्यांत ‘आपला-आपली’ ठेवूच नका.

दुसरी चूक पहिल्या वाक्यात तू आणि तिसऱ्या वाक्यात पुन्हा सई. ही समजुतीची चूक नसते, लक्षात ठेवण्याची असते. होडी मुलाच्या हातात द्या आणि प्रत्येक वाक्याला ती थोडी पुढे सरकवायला सांगा. होडी हातात असेपर्यंत ‘तू’ टिकतो.

तिसरी खरं तर चूक नाहीच. ‘तू पळाली’, ‘तू गेला’ असं क्रियापदाच्या शेवटच्या ‘स’शिवाय म्हणणं. विदर्भात आणि इतरही कित्येक ठिकाणी घरोघरी असंच बोलतात. गोष्ट समजली आहे, बोली वेगळी आहे. त्यावरून मुलाला अडवलं तर ते गोष्ट सोडून ‘स’च्या मागे लागेल.

अबोली

तपासताना संवाद असलेला प्रसंग देऊ नका. ‘“मी नाही थांबणार,” तू म्हणालीस. “तू थांबच,” आजी म्हणाली’ यात एकाच माणसाला एकदा मी, एकदा बाहेरचा तू आणि एकदा आजीचा तू म्हटलंय. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना याचीच गंमत वाटते, सहा वर्षांच्या मुलाचं मात्र डोकं गरगरतं.

सातासमुद्रा

परदेशातल्या मराठी शाळेत काय करावं? तिथल्या मुलांचा दिवस इंग्रजीत जातो. इंग्रजीत एकच सर्वनाम सगळ्यांना चालतं आणि त्याला लिंगही नाही. त्यामुळे ‘तुम्ही जातोस’ अशी सरमिसळ होते. आजीला तू आणि बाहुलीला तुम्ही म्हणायची वेळ येते.

मोडी_लिपी

त्या मुलांना तू-गोष्टीची कल्पना लवकर कळते, कारण पर्याय निवडत पुढे जायची इंग्रजी पुस्तकं त्यांनी पाहिलेली असतात. अडतं ते फक्त क्रियापद. म्हणून त्यांच्यासाठी आधी भविष्यकाळ: ‘तू होडी सोडशील. ती दगडाला अडकेल. तू तिला ढकलशील.’ एकच ‘-शील’ सगळीकडे लागतो, लिंगाचा विचार नाही, कर्माचा विचार नाही. तो जिभेवर बसला की मग ‘सोडलीस-उडवलास-उघडलंस’ घ्या. आजीला हाक मारताना तू म्हणायचं की तुम्ही, ते घरोघरी वेगळं असतं, त्याला तू-गोष्टीच्या पाठात आणू नये.

रानपाखरू

लहान भावंडं मध्ये येऊन बसतात त्यांचं काय? अडीच-तीन वर्षांची?

अबोली

त्यांना ऐकू द्या, प्रश्न विचारू नका. त्या वयात मी-तूचीच अदलाबदल चालू असते. स्वतःला पाणी हवं असताना मूल ‘तुला पाणी’ म्हणतं, कारण त्याला विचारलं जातं तेच असतं, ‘तुला पाणी हवं?’ तीनच्या आसपास बहुतेकांचं हे आपोआप सुटतं. काही मुलांचं, विशेषतः स्वमग्न मुलांचं, जास्त काळ चालू राहतं. त्यांच्यासाठी तू-गोष्ट परीक्षेसारखी वापरू नये. ‘तू’च्या जागेवर मुलाचा फोटो ठेवावा आणि वाक्यात नाव आणि ‘तू’ दोन्ही घ्यावेत: ‘ओम, तू होडी सोडलीस.’ त्यांचा वेग त्यांचा.

चार-पाच वर्षं: फक्त भातुकली आणि ‘हं’. सहा-सात: तीन गोष्टी. आठपासून पुढे लिहायला द्या.

झुळूक

रात्री झोपताना तू-गोष्ट सांगावी का? सई जंगलात वाट चुकली तर मुलं मजेत ऐकतात. ‘तू वाट चुकलीस’ म्हटलं की चेहरा बदलतो.

अबोली

बदलणारच! तू-गोष्टीत मुलाला आडोसा नसतो. सई-गोष्टीत भीती सईच्या वाट्याला येते आणि मूल बाजूने बघतं. तू-गोष्टीत भीती थेट त्याच्यावर येते. म्हणून निजायच्या वेळी हरवणं, आईबाबा न सापडणं, अंधारात अडकणं ‘तू’मध्ये नको. दिवसा सांगायची असेल तरी आधी करार करावा: ‘भीती वाटली तर म्हण, सईला पाठव.’ मुलाने तसं म्हटलं की त्याच वाक्यापासून गोष्ट सईची करायची. ‘तुझ्या पायाखालची फांदी मोडली... सई पटकन बाजूला झाली.’

यातून एक फार सुंदर गोष्ट साधते. तू आणि ती यांत काय फरक पडतो हे मुलाला मुद्दाम सांगावं लागत नाही. बाहुलीला पुढे केलं की हायसं वाटतं, हे त्याने स्वतः अनुभवलेलं असतं. मग विचारा, “सई गेल्यावर बरं वाटलं? का?” मुलं जे उत्तर देतात ते कुठल्याही व्याख्येपेक्षा सरस असतं.

कृष्णाकाठ

आठ वर्षांच्या पुढच्यांना लिहायला काय द्यावं? नुसतं ‘तू-गोष्ट लिहा’ म्हटलं तर निबंध येईल.

पाटीपेन्सिल

आठ पानी निवडपुस्तक. एक ए-फोर कागद, कात्री, पेन्सिल. डिंक लागत नाही.

कागद घड्या घालून आठ सारख्या चौकोनांत विभागायचा, चार आडवे, दोन उभे. पान साधारण ७.४ गुणिले १०.५ सेंटिमीटरचं होतं. आता कागद उलगडा आणि आखूड कडा एकमेकींवर आणून एकदाच मिटा. मिटलेल्या बाजूकडून मधल्या घडीवर एक चौकोन लांबीइतका काप द्या, त्याहून पुढे नको. कागद उघडला की मध्ये दोन चौकोन लांबीची चीर दिसते. मग तो लांबीत मिटून दोन्ही टोकं आत ढकला, चीर उघडते आणि पानं एकमेकांवर येऊन पुस्तक होतं. काप जास्त लांब गेला तर एक पान सुटतं, म्हणून कापायची जागा आधी पेन्सिलीने आखून द्या. आणि लिहायचं ते पुस्तक मिटून झाल्यावर, नाहीतर अर्धी पानं उलटी येतात.

पानांची मांडणी अशी. पान १ मुखपृष्ठ. पान २ वर सुरुवात आणि पहिली निवड: ‘तुझी होडी पुलाखाली दिसेनाशी झाली. पुलावरून बघशील? पान ३ उघड. पाण्यातून जाशील? पान ५ उघड.’ पान ३ वरून पान ४ किंवा ६. पान ५ वरून पान ६ किंवा ७. शेवट तीन: ४, ६ आणि ७. पान ८ कोरं ठेवायचं, वाचणाऱ्या मित्राने स्वतःचा शेवट लिहायला.

एका पानावर दोन-तीन वाक्यंच मावतात आणि तेच बरं. निवडीचे प्रश्न भविष्यकाळात असल्यामुळे पुस्तक कुणाच्याही हाती देता येतं.

मोडी_लिपी

इथे मुलं पान ६ वर अडकतात. तिथे दोन वाटांनी येता येतं. पाण्यातून आलेल्याचे पाय भिजलेले असतात, पुलावरून आलेल्याचे कोरडे. ‘तुझ्या ओल्या पायांना थंडी वाजली’ असं लिहिलं की पुलावरून आलेला वाचक म्हणतो, मी कुठे भिजलो! म्हणून पान ६ वर फक्त तेच लिहायचं जे दोन्ही वाटांवर खरं आहे: ‘तुझी होडी गवतात अडकली आहे. तिच्यात एक बेडूक बसला आहे.’ तपासायचं कसं? २-३-६ सलग वाचायचं, मग २-५-६ सलग वाचायचं. दोन्हीकडे खटकलं नाही तर पान पास.

आणखी एक. निवड खरी हवी. ‘घरी जाशील की होडी शोधशील?’ यात घरी गेलं की गोष्टच संपते, मग कुणी ते निवडत नाही. दोन्ही वाटांनी होडीकडेच जाता आलं पाहिजे.

झुळूक

मुलं पर्यायांपर्यंत छान लिहितात आणि शेवटाला ‘आणि मग तो घरी गेला’ करतात. तू कुठेतरी गळून पडतो.

पाटीपेन्सिल

हो, शेवटाला सवयीची सई-गोष्ट परत येते, कारण ऐकलेल्या सगळ्या गोष्टींचा शेवट तसाच असतो. लिहायच्या आधीच पान ४, ६ आणि ७ यांच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘तुझ्या’ किंवा ‘तुला’ लिहून द्या आणि पहिलं वाक्य त्याच शब्दाने सुरू करायला सांगा. ‘तुझ्या हातात आता होडी आहे.’ ‘तुला पलीकडच्या काठावर आजी दिसते.’ या दोन शब्दांनी वाक्य सुरू झालं की पुढे ‘तो’ येत नाही, आणि गेलास की गेलीस हाही प्रश्न उरत नाही.

सातासमुद्रा

पान ४ चा नमुना द्याल का? येत्या शनिवारच्या वर्गात फळ्यावर लिहायला हवा आहे.

पाटीपेन्सिल

पान ३ असं धरा: ‘पुलावरून तुला होडी दिसते. वाऱ्याने ती डावीकडे वळली आहे. हाक मारशील? पान ४. खाली उतरशील? पान ६.’

पान ४: ‘तुझ्या हाकेने पलीकडे कपडे धुणाऱ्या काकूंनी वर पाहिलं. त्यांनी होडी उचलली आणि कठड्यावर वाळत ठेवली. तू तिच्यावर तुझं नाव लिहिलंस.’

शेवटच्या वाक्यानंतर फळ्यावर एक रेघ सोडा. वाचणारं मूल तिथे खरंच स्वतःचं नाव लिहितं.